भुजंग सरांचा भारी आठवडा

आमच्या घराला दार असायचं ते वर्षातून चारच महिने. पावसाळ्यात आम्ही कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावात, पत्र्याच्या दोन खोल्यांत. उरलेले दिवस मेंढरांमागं. ज्याच्या शेतात मेंढरं बसवली त्याच्याच बांधाला पाल ठोकायचं. शेताला लेंडीखत, आम्हाला ज्वारी. एखाद्याची ज्वारी किडकी निघाली की त्या मुक्कामाला आम्ही किडकीच खायचो. मला शाळेसाठी गावात आत्याजवळ ठेवलं होतं, पण सुट्टी लागली की मी पालावर. दोन काखांत दोन कोकरं घेऊन ओढा ओलांडायचा, भिजलेली घोंगडी पिळायची, लांबून पाण्याचे कॅन आणायचे. त्यानं झालं असं की कॉलेजात जाईपर्यंत माझ्या मांड्या माझ्या भावाच्यापेक्षा जाड झाल्या. गावातली पोरं मला 'पैलवान' म्हणायची आणि माय ऐकून न ऐकल्यासारखं करायची. एस.टी.त बसले की मी ओढणी पसरून गुडघ्यापर्यंत सगळं झाकून घ्यायचे.

आमच्या अख्ख्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिली. हे मी मान वर करून सांगते. बाकीचं पुष्कळसं खाली मान घालून सांगण्यासारखं आहे, आणि ते सांगायचं तर भुजंग सरांबद्दल सांगावं लागेल. सर गेल्या उन्हाळ्यात गेले. ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी लिहिते.

भुजंग सर वसमतच्या आमच्या कॉलेजात खेळाचे सर होते. मुलींशी बोलताना त्यांची नजर कायम जमिनीवर. त्यामुळे ते आम्हाला पायांवरून ओळखायचे. बाजारात मी तोंडाला स्कार्फ बांधून भाजी घेत असले तरी मागून आवाज यायचा, "काय ग, डाव्या पायावर जोर देत न्हाईस. काहून?" वळून पाहावं तर सर कोथिंबिरीच्या जुडीकडे बघत उभे. ठेंगणे, मानेला वळ्या, पँट बेंबीच्या वर, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. तरुणपणी ते वजन उचलण्याच्या राज्य स्पर्धेपर्यंत पोचले होते आणि तिथं त्यांचा शेवटचा डेडलिफ्ट हातातून सुटला होता. ही गोष्ट ते दर नव्या पोराला सांगत, आणि दर वेळी तो बार थोडा जास्त जड झालेला असे. आम्ही हसू दाबायचो. त्यांनाही ते कळायचं, पण वजन काही कमी करायचे नाहीत.

माझी त्यांची पहिली भेट होस्टेलच्या जिन्यात झाली. खालचा पाण्याचा मोठा जार मी खांद्यावर घेऊन वर चालले होते. सर कशाला तरी आले होते, भिंतीला चिकटून त्यांनी वाट दिली आणि माझ्या चपलांकडे बघत म्हणाले, "टाच उचलली न्हाई तुझी. कोणत्या गावची?" मी गाव सांगितलं. मेंढरंवाले का, म्हणाले. मला वाटलं आता हसतील. ते म्हणाले, "उद्या सकाळी तालमीत ये. पायाला काही घालू नको."

तालीम म्हणजे कॉलेजच्या मागची जुनी खोली. दारातून आत गेलं की समोर शेंदरी मारुती, त्याच्या पुढ्यात स्क्वॅटचं स्टँड, बाजूला बेंच, कोपऱ्यात प्लेटा. पॉवरलिफ्टिंगचा खेळ सोपा आहे सांगायला. खांद्यावर बार घेऊन बसून उठायचं तो स्क्वॅट, उताणं पडून छातीवरून ढकलायचा तो बेंच, जमिनीवरून उचलायचा तो डेडलिफ्ट. तिन्हीतली आपली सगळ्यात चांगली उचल घ्यायची आणि बेरीज करायची. ती टोटल. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत आपल्या वजनगटात जिची टोटल पहिली, ती विद्यापीठाच्या संघात जाते.

टोटल वाढवायची तर प्रोग्राम लागतो, म्हणजे कोणत्या दिवशी किती वजन, किती वेळा, कोणता आठवडा जड, कोणता हलका. पोरं मोबाइलवरून रशियाचे नाहीतर अमेरिकेचे प्रोग्राम काढून आणत. सरांनी तीनच ठेवले होते आणि त्यांना नावंही त्यांचीच. जिना, म्हणजे दर खेपेला थोडं थोडं वाढवत जायचं. लाट, म्हणजे एक आठवडा जड, एक हलका, एक मधला. आणि डोंगर. डोंगर सरांचा लाडका. तीन आठवडे चढत जायचं, चौथा सगळ्यात भारी, तिथं माथा. मग थोडं खाली येऊन पुन्हा नवा डोंगर, आधीच्यापेक्षा उंच. "भारी आठवडा चुकवला," ते म्हणायचे, "तर बाकीचे तीन आठवडे तुमी निस्ती हमाली केली." नव्या पोराला ते जिना देत. जिना थांबला की डोंगर. लाट कुणाला द्यायची झाली तर ती दुखण्यातून उठलेल्याला किंवा लग्न ठरलेल्याला, असं ते हसत सांगायचे.

पहिल्या वर्षी मी जिना चढले. दर आठवड्याला बारवर काहीतरी वाढायचं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मांड्यांबद्दल चांगलं बोलत होतं, तेही माझ्या मांड्यांकडे न बघता. दुसऱ्या वर्षी जिना थांबला आणि सरांनी मला डोंगर दिला.

तिथून ते सुरू झालं. माझी पाळी महिन्याच्या ज्या दिवसांत यायची, तिथंच डोंगराचा भारी आठवडा यायचा. चार दिवस मागंपुढं, पण तिथंच. आणि तालमीत मारुती. त्या दिवसांत मी देवाच्या पेटीजवळ जायची नाही, हे मला लहानपणापासून माहीत. तालमीच्या उंबऱ्याच्या आत पाय टाकणं तर सोडाच, बाहेरच्या फरशीवरूनही मी वळसा घालून जायचे. सरांना सांगायचं मनात येणंही शक्य नव्हतं. जो माणूस माझ्या तोंडाकडे बघत नाही त्याला मी हे काय म्हणून सांगायचं? मी सांगायचे, गावाला गेले होते.

पोरांनी त्याचं गाणं केलं. मंगेश म्हणून एक होता, आमच्यात सगळ्यात जड उचलणारा आणि सगळ्यात जास्त बोलणारा. तो म्हणायचा, "सर, हिच्या गावाला दर महिन्याला जत्रा भरती." सगळे हसायचे. सर हसायचे नाहीत, पण प्लेटा पुसत म्हणायचे, "भारी आठवडा आला की हिला गाव आठवतं. पोरींची हीच गत. ताकद हाये, दम न्हाई." मला वाटायचं जमीन दुभंगावी. घामानं निथळत मी पुढचा सेट मारायचे आणि तो अर्ध्यात अडकायचा, कारण मधला एक आठवडा अंगात गेलेलाच नसायचा. डोंगराचा माथा मी वर्षभरात एकदाही पाहिला नाही. त्या वर्षीच्या स्पर्धेत माझी टोटल जिथं होती तिथंच राहिली, अडीचशे किलोच्या आसपास, आणि मी तिसरी आले.

सुट्टीत पालावर गेले तेव्हा आबांनी, माझ्या वडिलांनी, विषय काढला. ते ओरडणारे नाहीत. म्हणाले, लोक इचारतेत, पोरगी शहरात बाप्यांबरोबर लोखंड उचलती म्हणून. मी आजवर सांगून राहिलो की विद्यापीठाच्या संघात जाणार हाये. यंदा निवड झाली तर पुढं काय शिकायचं ते शीक. न्हाई तर पदवी झाली की घरी ये. आबांना माझ्यासाठी लोकांशी खोटं बोलावं लागलं होतं, आणि ते खोटं खरं करणं माझ्या हातात होतं.

तिसऱ्या वर्षी सरांनी पुन्हा डोंगर काढला, आधीपेक्षा उभा. पहिला भारी आठवडा आला आणि मी गेले नाही. परत आले तेव्हा सगळे तालमीत होते. सरांनी माझ्या पायांकडे बघितलं आणि नव्या पोरींकडे बोट केलं. म्हणाले, तू आता यांच्याबरोबर जिन्यावर ये, तुला डोंगर झेपत न्हाई, संघाचं इसर. मंगेश जत्रेबद्दल काहीतरी बोलला. मला आबांचा चेहरा दिसला, आणि मी जे बोलले ते मी बोलेन असं मलाही वाटलं नव्हतं.

"सर, मी गावाला जात न्हाई. मला पाळी येती. हितं मारुती हाय."

मंगेशनं बार स्टँडवर ठेवला तो हळू, आवाज न करता. सरांनी मान वळवून मारुतीकडे पाहिलं. मग उठले, बुटाची नाडी सुटली होती ती न बांधताच बाहेर निघून गेले.

मी होस्टेलवर जाऊन तोंडावर पांघरूण घेतलं. लाज इतकी की ती कुठं ठेवावी कळेना. मायला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, बाप्यांपुढं कुणी असं बोलतं का? मग थोड्या वेळानं तीच म्हणाली, "पालावर त्या दिवसांतबी मी मेंढरं हाकलीच की. तिथं कुठं बसणार होते मी बाहेर? सगळंच बाहेर." एवढं बोलून तिनं कोकराचं काहीतरी काढलं. त्या बोलण्यानं मला धीर यायला हवा होता. आला नाही. मला आता मायचीही लाज वाटायला लागली, आणि लाज वाटते याची वेगळी लाज.

बरेच दिवस मी तालमीकडे फिरकले नाही. एक दिवस नव्या पोरींपैकी एकजण निरोप घेऊन आली, सरांनी बोलावलंय, तालमीत नाही, सायकल स्टँडवर. गेले तर सायकल स्टँडच्या अर्ध्या भागात नवं काँक्रीट घातलेलं, पुढं एक पायरी, वर पत्रा, आणि स्क्वॅटचं स्टँड, बेंच, प्लेटा सगळं तिथं आणलेलं. सरांच्या नखांत सिमेंट होतं. गवंड्याला बोलावलं नव्हतं, पोरांना घेऊन त्यांनीच केलं होतं. ते काँक्रीटकडे बघत म्हणाले, "मारुतीला मी काही म्हणू शकत न्हाई. म्हून आपणच भाईर आलो."

मग त्यांनी प्रोग्राम सांगितला. डोंगर बंद. लाट. हलका आठवडा कधी घ्यायचा ते माझ्यावर. "पायरीच्या डाव्या बाजूला वहाणा काढल्या की मी समजंल. मी इचारणार न्हाई, तू सांगायचं न्हाई. बार हलका मिळंल. पन यायचं. यायचंच. चालू ठेवलं तर लाटेलाबी उंची येती."

मी तेव्हा रडले. आज वाटतं, रडायच्या आधी विचारायला हवं होतं की मारुतीला खरंच काही होत होतं का? सरांनी स्टँड हलवलं, समज हलवली नाही. माझीही हलली नव्हती. पण त्या माणसाचं वय, त्याची रीत बघता त्यानं जे केलं तेच त्याला करता येत होतं, आणि त्यासाठीसुद्धा त्याला कॉलेजात कुणाकुणाची बोलणी खावी लागली असणार. नवी पोरं विचारायची, तालीम असताना इथं भाईर काहून? सर म्हणायचे, हवा चांगली लागती.

वहाणांची खूण सगळ्यांना कळलीच. एकदा मंगेशला कंटाळा आला होता, त्यानं आपल्या चपला डावीकडे काढल्या. सरांनी मुकाट्यानं त्याच्या बारवरच्या अर्ध्या प्लेटा उतरवल्या आणि काळजीनं विचारलं, "लई तकलीफ हाये का? गरम पाण्याची पिशवी देऊ?" त्या दिवशी पहिल्यांदा पोरी हसल्या आणि पोरं गप्प राहिली. मंगेशनं त्यानंतर जत्रेचं नाव काढलं नाही.

लाटेवर माझी उचल वाढायला लागली. पण सर बदलले होते. प्लेटा पुसता पुसता थांबायचे. एक दिवस म्हणाले, "तुझ्या आधी चांगल्या पोरी येऊन गेल्या. भारी आठवड्याला गायब व्हायच्या, मग सोडूनच द्यायच्या. दम न्हाई, म्हनून मी सगळ्यांना सांगत आलो. काहून गेल्या ते मला आता समजून राहिलं." त्यांची ती नजर खाली होतीच नेहमी, पण त्या दिवशी ती वेगळी खाली होती.

दिवाळीच्या सुट्टीत मी गावाकडे निघाले तर सर त्याच एस.टी.त. बाळापूरला उतरायचंय म्हणाले, आणि मग, जरा बरोबर येतीस का? आखाडा बाळापूरच्या बाजारात त्यांची जुनी विद्यार्थिनी शकुंतला पिठाची गिरणी चालवते. आम्ही गेलो तेव्हा ती अंगावर पीठ घेऊन दळणाचा डबा उतरवत होती. तिनं ओळखलं, "अगो बाई, सर, तुमी?" म्हणत स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. सर स्टुलावर टेकले आणि तिच्या पायांकडे बघत राहिले. गिरणीचा पट्टा फिरत होता. त्यांनी दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि दोनदा चहा प्यायले. शेवटी तीच म्हणाली, "सर, तुमी लई मेहनत घेतली माझ्यावर. माझ्यातच दम नव्हता."

सरांचा कप बशीवर वाजला.

"दम होता, शकू. बराबर होता. मीच..." आणि पुढं त्यांना जमेना.

मला राहवेना. मी म्हणाले, ताई, तेव्हाही स्टँड मारुतीपुढंच होतं न? शकुंतलेनं माझ्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यांकडे पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. ती पदर तोंडाला लावून हसली. "अगं, ते काय सांगायचं असतं का?" मग हसणं थांबलं, आणि ती पट्ट्याकडे बघत म्हणाली, "इतकी वरीसं मी समजून राहिले की आपल्यालाच झेपलं न्हाई."

परत येताना आम्ही एस.टी. स्टँडवर आलो. आमच्या एस.टी. वेगवेगळ्या होत्या. वसमतची आधी लागली. चढताना ते म्हणाले, "बाकीच्यांकडं जायची हिंमत न्हाई माझ्यात." ते गेलेही नाहीत. त्या मुलींपैकी एखादी हे वाचत असेल तर तिला सांगते, सरांना कळलं होतं. उशिरा कळलं, आणि ते त्यांना शेवटपर्यंत बोचत होतं.

स्पर्धा आली. सकाळी उठले तर तोच दिवस. मला वाटलं, संपलं. अंगाला चिकटणारा तो कॉस्च्युम घालून परक्या लोकांपुढं उभं राहायचं, त्याचीच मला दर वेळी इतकी लाज, आणि त्यात हे. हॉलच्या दारात पायरी नव्हती, वहाणा कुठं काढायच्या ते ठरलेलं नव्हतं. सर वजनकाट्याजवळ उभे होते. मी जवळ गेले. खूप वेळ लागला मला ते चार शब्द जुळवायला.

"सर, आज तसाच दिवस आहे."

सरांनी मान हलवली. आजूबाजूला इतर कॉलेजांचे सर, पोरं, सगळे होते. ते नेहमीच्या आवाजात, जसं पोराला खांदा दुखतो म्हटल्यावर बोलतील तसं म्हणाले, "मग पहिला स्क्वॅट पाच किलोनं कमी लावू. अंग गरम झालं की दुसऱ्याला भरून काढू. पोटात काही गेलं का? केळं खा." आणि जाऊन टेबलावर पहिल्या उचलीचं वजन बदलून आले.

पहिला स्क्वॅट हलका होता, तरी सगळे माझ्या कॉस्च्युमकडेच बघतायत असं मला वाटत राहिलं. तीन पांढरे दिवे लागले, म्हणजे तिन्ही पंचांनी उचल धरली. दुसऱ्याला आम्ही भरून काढलं. तिसऱ्याला एकशे दहा गेला. बेंचला माझा शेवटचा अडकला, पण आधीचा साडेबावन्नचा धरला गेला. नांदेडकडच्या एका मुलीची टोटल माझ्या पुढं होती. शेवटच्या डेडलिफ्टला सरांनी वजन सांगितलं ते मी कधी सरावात उचललेलं नव्हतं. मी विचारलं नाही. बार गुडघ्यापाशी थांबला, तिथं किती थांबला मला माहीत नाही, मग वर आला.

एकशे दहा, साडेबावन्न, एकशे साडेसदतीस. टोटल तीनशे किलो. त्रेसष्ट किलो गटात मी पहिली आले, आणि विद्यापीठाच्या संघात माझी निवड झाली. आबांनी शब्द पाळला. त्याच वर्षी मी बी.ए. झाले, आणि पुढं शिकायला गेले.